स्मृतिभ्रंशाच्या भावी संख्येचे अनुमान : एक भाषिक परीक्षण

१

राष्ट्राच्या लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढू लागले म्हणजे वार्धक्याबरोबर येणाऱ्या व्याधींची भावी संख्या किती असेल, हा प्रश्न शासनाप्रमाणेच अभ्यासकांपुढेही उभा राहतो. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत या प्रश्नास मिळालेली दोन उत्तरे प्रथम शेजारी ठेवून पाहावीत. जागतिक रोगभाराच्या अभ्यासकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अनुमानानुसार भारतात २०१९ साली स्मृतिभ्रंशाचे सुमारे ३८ लाख रुग्ण होते आणि २०५० साली त्यांची संख्या सुमारे १ कोटी १४ लाख होईल. जिनकूक ली आणि सहकारी यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या व्याधीने ग्रस्त आहेत आणि २०३६ साली ती १ कोटी ६९ लाख होतील. एका अनुमानाने २०५० साठी दिलेला आकडा दुसऱ्याने २०३६ साठी दिलेल्या आकड्याहून अर्ध्या कोटीपेक्षाही अधिक लहान आहे.

दोन्ही अनुमाने जबाबदार अभ्यासकांची आहेत. दोन्ही विद्वन्मान्य नियतकालिकांत आलेली आहेत. तेव्हा एक खरे आणि दुसरे खोटे असे म्हणून मोकळे होता येत नाही. एवढे अंतर कोठून उत्पन्न होते, हे शोधणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, या अंतराचा एक मोठा भाग अंकगणिताच्या आधीच, प्रश्न विचारण्याच्या आणि उत्तर लिहून घेण्याच्या क्रियेत उत्पन्न झालेला असतो. ही क्रिया भाषेत घडते. म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या या विषयात बोलणे हा अनधिकार समजला जाऊ नये. उदाहरणे रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांतून घेतली आहेत. बोलीसंग्रहाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचा तेथील वृद्धांशी पुष्कळ संबंध आला, हे त्याचे कारण होय.

२

भावी संख्येचे अनुमान कसे केले जाते, हे आधी पाहू. रीत दिसते तितकी गहन नाही. वृद्धांची भावी संख्या घ्यावयाची आणि तिला आजच्या प्रमाणाने गुणावयाचे. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तज्ज्ञगटाने २०२० साली दिलेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील भारतीय २०११ साली १० कोटी १० लाख होते आणि २०३६ साली ते सुमारे २३ कोटी होतील. एकूण लोकसंख्येत त्यांचा वाटा ८.४ टक्क्यांवरून १४.९ टक्क्यांवर जाईल. या २३ कोटींचे ७.४ टक्के काढले असता १ कोटी ७० लाख येतात. प्रसिद्ध झालेला १ कोटी ६९ लाखांचा आकडा याच्याशी जवळजवळ जुळतो. तात्पर्य, आजचे प्रमाण २०३६ पर्यंत तसेच राहील, हे या भाकितात गृहीत धरल्यासारखे आहे.

गुणाकाराच्या दोन अंगांपैकी पहिले अंग त्या मानाने भक्कम आहे. २०३६ साली जे साठीचे असतील ते सर्व १९७६ पर्यंत जन्मलेले आहेत. त्यांतील किती जगतील याचा अंदाज बऱ्याच विश्वासाने करता येतो. तरी येथेही एक छिद्र आहे. ज्या पिढीच्या जन्माची नोंद झालेली नाही, तिचे वय सांगण्यावर अवलंबून असते. आपल्या जनगणनांत ६०, ६५, ७० अशा आकड्यांवर वयांचे ढीग साचलेले दिसतात, ते यामुळेच. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन ६५ वर्षांनंतर मिळते, हेही वय सांगणाराच्या मनात असू शकते. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण वयाच्या दर पाच-सहा वर्षांना सुमारे दुप्पट होते. अशा स्थितीत सांगितलेले वय पाच वर्षांनी चुकले तर हिशेब किती चुकेल, हे उघड आहे. पेणच्या खाडीकाठी वय घटनेवरून सांगतात. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येस, मुंबईहून रेवसला येणारी रामदास बोट बुडाली व सहाशेंवर माणसे गेली. “रामदास बुडाली तेव्हा मी रांगत होतो,” असे म्हणणारा वृद्ध आपले वय कोणत्याही दाखल्यापेक्षा अचूक सांगत असतो. मात्र ते घेता येण्यासाठी प्रश्नकर्त्यास रामदास म्हणजे काय हे ठाऊक असावे लागते.

दुसरे अंग, म्हणजे प्रमाण, हे अधिक दुबळे आहे. ते काळाबरोबर बदलते याचा उत्तम पुरावा इंग्लंडमध्ये मिळतो. तेथे १९८९ ते १९९४ या काळात आणि पुन्हा २००८ ते २०११ या काळात त्याच प्रदेशांत, त्याच पद्धतीने पाहणी करण्यात आली. पहिल्या पाहणीचे प्रमाण कायम धरले असते तर ६५ वर्षांवरील ८.३ टक्के, म्हणजे ८ लाख ८४ हजार माणसे रुग्ण असावयास हवी होती. प्रत्यक्षात ६.५ टक्के, म्हणजे ६ लाख ७० हजार आढळली. दोन दशकांत भाकीत सुमारे चतुर्थांशाने ढासळले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. हा बदल दिसू शकला तो मोजपट्टी दोन्ही वेळा एकच होती म्हणून. आपल्याकडे प्रथम मोजपट्टीचाच प्रश्न सुटलेला नाही.

३

मोजपट्टी बदलली म्हणजे प्रमाण किती बदलते, याचे एक बोलके उदाहरण १०/६६ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधकगटाने २००८ साली पुढे ठेवले. या गटाने अनेक देशांतील ६५ वर्षांवरील वृद्धांची पाहणी केली व प्रत्येक ठिकाणी दोन कसोट्या लावल्या. अमेरिकी मानसरोग-वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीची कसोटी लावली असता ग्रामीण भारतात प्रमाणीकृत प्रमाण ०.३ टक्के आले, तर क्यूबात ते ६.३ टक्के होते. गटाने स्वतः सिद्ध केलेली कसोटी लावली तेव्हा सर्वांत कमी प्रमाण ग्रामीण चीनमध्ये ५.६ टक्के आणि सर्वांत अधिक डोमिनिकन प्रजासत्ताकात ११.७ टक्के निघाले. म्हणजे या दुसऱ्या कसोटीने ग्रामीण भारतही निदान ५.६ टक्क्यांपर्यंत चढला. माणसे तीच, गावे तीच आणि उत्तरेही बव्हंशी तीच. व्याख्या तेवढी बदलली.

आता एक साधा प्रयोग करू. पेण व रोहा तालुक्यांतील कोणतेही एक हजार वृद्ध कल्पनेने घ्यावेत व निरनिराळ्या पाहण्यांची प्रमाणे त्यांस लावून पाहावीत. अमेरिकी कसोटीचे ग्रामीण प्रमाण लावल्यास हजारांत ३ रुग्ण निघतील. मुंबईत ४० वर्षांवरील २४,४८८ माणसांची पाहणी होऊन २००१ साली ६५ वर्षांवरील लोकांसाठी २.४४ टक्के प्रमाण प्रसिद्ध झाले. ते लावल्यास २४ निघतील. २०२३ च्या निबंधातील ग्रामीण प्रमाण ८.४ टक्के आहे, ते लावल्यास ८४ निघतील. वयोमर्यादा सर्वत्र सारख्या नाहीत, हे मान्य करून आणि कालमानाचा फरक सोडून देऊनही ३ आणि ८४ यांतील अंतर रोगाच्या वाढीने भरून निघण्यासारखे नाही. ज्या आरोग्याधिकाऱ्यास या दोन तालुक्यांसाठी व्यवस्था आखावयाची आहे, त्याच्या हाती यांतील कोणता आकडा द्यावयाचा?

एवढेच नव्हे. एकाच सामग्रीतूनही दोन आकडे निघालेले आहेत. ली व सहकारी यांच्या निबंधाची सामग्री ‘लासी’ या राष्ट्रीय वार्धक्य-पाहणीच्या एका विशेष शाखेतून आलेली आहे. तीत ६० वर्षांवरील ४,०९६ व्यक्तींची सखोल परीक्षा झाली. त्यांपैकी २,५२८ व्यक्तींविषयी वैद्यांच्या एकमताने निदान ठरविण्यात आले. त्यावरून बांधलेला यांत्रिक अध्ययनाचा नमुना मुख्य पाहणीतील आणखी २८,९४९ वृद्धांस लावला असता दुसऱ्या एका निबंधात प्रमाण ८.४४ टक्के व एकूण संख्या १ कोटीच्या वर आली. ७.४ व ८.४४ यांतील अंतर पहिल्या दर्शनी अल्प वाटते. तथापि २०३६ च्या २३ कोटींस ते लावले म्हणजे सुमारे २४ लाख माणसांचा फरक पडतो.

४

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीची योजना काळजीपूर्वक केलेली आहे आणि तिचे श्रेय कमी करण्याचा येथे हेतू नाही. केवळ परीक्षेच्या गुणांवर न थांबता घरच्या माणसाची साक्ष घेणे, निरक्षरांस झेपतील अशा कसोट्या योजणे, तीन वैद्यांनी स्वतंत्रपणे निर्णय देऊन मग मतैक्य साधणे, या सर्व गोष्टी पूर्वीच्या पाहण्यांपेक्षा निश्चित पुढच्या आहेत. परंतु हे वैद्य वृद्धास पाहत नाहीत. ते त्याच्या घरी भरला गेलेला लेख संगणकाच्या पडद्यावर पाहतात. म्हणजे पेणच्या ओसरीवर जे बोलणे झाले, त्यातील जेवढे प्रश्नकर्त्याने चौकटीत बसविले तेवढेच वैद्यापर्यंत पोचते. सर्व डोलारा त्या एका क्षणावर, एका बोलीत विचारलेल्या प्रश्नावर आणि दुसऱ्या बोलीत दिलेल्या उत्तरावर उभा आहे.

परीक्षेची परंपराही पाहण्यासारखी आहे. फोल्स्टाइन यांची संक्षिप्त मनोपरीक्षा १९७५ साली अमेरिकेत सिद्ध झाली. ती शाळेत गेलेल्या माणसास उद्देशून आहे. हरियाणातील बल्लभगढच्या निरक्षर ग्रामस्थांसाठी मेरी गांगुली व सहकारी यांनी १९९५ साली तिचे हिंदी रूप तयार केले. हे रूप केवळ भाषांतर नाही. वाचनावर व आकडेमोडीवर अवलंबून असलेले भाग त्यांनी हेतुपुरस्सर बदलले. इंग्रजीतील उच्चारास अवघड असे वाक्य पुन्हा म्हणावयास सांगण्याऐवजी हिंदीत सहज तोलणारे वाक्य घेतले. हे काम आदर्श होय. परंतु बल्लभगढसाठी जे श्रम घेतले गेले, ते पुढे प्रत्येक भाषेसाठी आणि प्रत्येक बोलीसाठी घेतले गेले काय, हा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने सिद्ध झालेली बहुभाषिक परीक्षामाला प्रथम प्रसिद्ध झाली ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम या पाच भाषांत. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. आणि मराठी असती तरी ती कोणती मराठी, हा प्रश्न शिल्लक राहिलाच असता.

पेण व रोहा येथे प्रमाण मराठी ही शाळेची, कचेरीची व वर्तमानपत्राची भाषा आहे. मिठागरांच्या आणि खारजमिनींच्या पट्ट्यात घराघरांत आगरी बोलली जाते. डोंगराच्या बाजूस कातकरी व ठाकूर वाड्या आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात आगरी व कातकरी यांची स्वतंत्र दखल घेतलेली आहे, म्हणजे हा भेद शतकापूर्वीपासून अभ्यासकांस ठाऊक आहे. आगरीत ‘ण’ चा ‘न’ होतो, ‘ळ’ चा ‘ल’ होतो आणि स्वरानंतरच्या ‘ड’ चा ‘र’ होतो. ‘पाणी’ चे ‘पानी’, ‘सकाळ’ चे ‘सकाल’, ‘घोडा’ चे ‘घोरा’. आता स्मरणपरीक्षेत ‘झाड’ हा शब्द दिला आणि काही मिनिटांनी वृद्धेने ‘झार’ म्हटले, तर ते स्मरण पूर्ण आहे. नगरात वाढलेल्या प्रश्नकर्त्यास ‘झार’ हे निराळे भांडे वाटणे अशक्य नाही. शब्द जसाच्या तसा परत आला पाहिजे असा नियम असेल तर ही चूक परीक्षार्थिनीची नसून परीक्षेची ठरते.

ओघ पाहण्यासाठी एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगावयास लावतात. ‘प्राणी’ हा शब्द पुस्तकी आहे. त्याऐवजी ‘जनावर’ म्हणावे तर कोकणात तो शब्द गोठ्यातील गुरांसाठी आणि संध्याकाळनंतर सापासाठीही वापरतात. बैल, गाय, म्हैस, रेडा, वासरू एवढी नावे घेऊन म्हातारी थांबली, तर तिचे शब्दभांडार आटले असे समजावयाचे की प्रश्नातील शब्दाचा तिने योग्य अर्थ घेतला असे समजावयाचे? खाडीकाठची दुसरी एखादी स्त्री जिताडा, निवटी, बोंबील, कोलंबी असे सुरू करील. मासळी प्राण्यांत धरावयाची की नाही, हे प्रश्नकर्त्यास आधी नेमके सांगितलेले नसेल, तर दोन गावांतील गुणांची तुलनाच करता येणार नाही.

काळाच्या भानाविषयीचे प्रश्नही असेच आहेत. महिना कोणता या प्रश्नास ‘आखाड’ हे उत्तर ‘जुलै’ या उत्तराइतकेच बरोबर आहे. किंबहुना, अमावास्या-पौर्णिमेचा हिशेब ठेवून दिलेले असल्यामुळे ते अधिक भानाचे आहे. ऋतू विचारला असता शाळा शिकलेला ‘वर्षा’ म्हणेल. शेतावरून आलेली बाई “लावणी चाललीय” म्हणेल. दोघांनाही काळाचे भान आहे.

या सर्वांहून अर्थपूर्ण वाटलेला एक प्रसंग येथे नमूद करतो. रोहा तालुक्यातील एका गावी, ऐंशी ओलांडलेल्या एका आजींशी प्रस्तुत लेखक बोलत बसला होता. मूळ परीक्षेत राज्य, काउंटी, गाव असे स्थळाचे भान तपासणारे प्रश्न आहेत. आपल्याकडे काउंटीच्या जागी अर्थातच जिल्हा येतो. हा प्रश्न बोलण्याच्या ओघात आला. आजी म्हणाल्या, “कुलाबा.” बरोबर असलेला पदवीचा विद्यार्थी हळूच म्हणाला, “सर, चुकलं.” जिल्ह्याचे कुलाबा हे नाव बदलून रायगड झाले ते १९८१ साली. त्या वेळी या बाईंचे लग्न होऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती. त्यांच्या जन्माचा, लग्नाचा, सातबाऱ्याचा आणि मामलेदार कचेरीतील खेपांचा जिल्हा कुलाबा हाच होता. चौकटीत मात्र या उत्तरास शून्य. परगावच्या प्रश्नकर्त्यास तर त्यांनी मुंबईतील कुलाबा सांगितला, म्हणजे आपण कोठे आहोत हेच त्यांस कळत नाही, असे वाटावयाचे. आम्ही पुढे विचारले, “आजी, आता काय म्हणतात?” त्या हसून म्हणाल्या, “आता रायगड म्हनतान. आमचा कुलाबाच.” पहिले उत्तर आणि दुसरे उत्तर यांमध्ये एक प्रश्न आहे. तो विचारण्याची सोय छापील प्रश्नपत्रिकेत नाही.

येथे सावधगिरीही हवी. ‘कुलाबा’ म्हणणारी प्रत्येक वृद्धा निरोगी आहे असे नव्हे. जुने नाव टिकून नवे पुसले जाणे हे या व्याधीचेही लक्षण आहे, कारण तीत अलीकडची स्मृती आधी जाते. म्हणूनच शून्य आणि एक या दोन गुणांत हे उत्तर मावत नाही. निदानास उपयोगी पडेल असे जे काही त्या उत्तरात आहे, ते गुण देण्याच्या क्रियेत नष्ट होते.

५

येथवर परीक्षेच्या भाषेमुळे रुग्णसंख्या फुगण्याचा संभव दाखविला. याच्या उलट दिशेने ओढणारा दोषही भाषेतच आहे. निदानासाठी घरच्या माणसाची साक्ष आवश्यक मानतात. वृद्धास पूर्वी जमत होते ते आता जमेनासे झाले काय, हे तिच्यावरून ठरते. या साक्षीची भाषा ही समाजाच्या वार्धक्यविषयक समजुतीची भाषा असते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या भाषेत सहज तोंडी येते, तीत साठीनंतर विसरणे हे बातमी देण्यासारखे घडलेलेच नसते. ‘म्हातारचळ लागला’ म्हणताना तक्रारीपेक्षा थट्टा अधिक असते. “आता वयच झालं,” असे सून म्हणते आणि प्रश्नकर्ता ‘विशेष बदल नाही’ या चौकटीत खूण करतो.

ही अवस्था एकट्या मराठीची नाही. विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली गोव्यातील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, लोकांस ही लक्षणे ओळखीची असतात, परंतु ती वार्धक्याचाच भाग मानली जातात, वैद्याकडे नेण्याजोगी मानली जात नाहीत. केरळात या अवस्थेस पोरपणाचा अर्थ असलेला शब्द आहे. काशीतील वृद्धांविषयी लॉरेन्स कोहेन यांनी १९९८ च्या ग्रंथात जे विवेचन केले आहे, त्याचाही रोख असाच आहे. म्हातारपणी बुद्धी बिघडली तर लोक तिचे कारण मेंदूतील व्याधीत न शोधता कुटुंबात, मुलासुनांच्या वागणुकीत शोधतात. आपल्या वर्तमानपत्रांनी रूढ केलेला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला आहे. तेथे तो क्रोध व मोह यांच्या मालिकेत येतो आणि त्यास नैतिक अधःपाताचा अर्थ आहे. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. त्यांच्या ‘गीताई’मुळे तो अध्याय घरोघर मुखोद्गत झाला. तो ज्यांस पाठ आहे त्यांच्यापुढे ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द व्याधीचे नाव म्हणून ठेवताना त्यास दोषारोपाची छटा चिकटून येते. आईला स्मृतिभ्रंश आहे काय, असे विचारल्यास मुलगा ‘नाही’ म्हणेल, यात नवल नाही.

साक्षीदार कोण, हाही प्रश्न आहे. साक्षीसाठी सर्वत्र वापरली जाणारी एक प्रश्नावली दहा वर्षांपूर्वीच्या स्थितीशी तुलना करावयास सांगते. पेण-रोह्यातील अनेक घरांचे कर्ते पुरुष मुंबई, पनवेल, ठाणे येथे कामास असतात. घरी जी सून आहे ती कदाचित चार वर्षांपूर्वी आलेली असते. दहा वर्षांपूर्वी सासूबाई बाजाराचा हिशेब तोंडी करीत हे तिने पाहिलेलेच नाही. जो मुलगा सांगू शकेल तो गणपतीला येतो, आणि सणाच्या गर्दीत आई नेहमीसारखीच दिसते. शिवाय वृद्धेकडून घरकामाची अपेक्षाच उरलेली नसेल, तर कामात बिघाड झाल्याचे कोणास दिसणार? अमेरिकी कसोटीने ग्रामीण भारतात ०.३ टक्के एवढे हास्यास्पद प्रमाण दाखविले, त्याचे कारण येथे सापडते. व्यवहारातील बिघाडाचा पुरावा ती कसोटी मागते, आणि आपली भाषा व आपली गृहरचना तो पुरावा पुरवीत नाहीत.

६

यावर एक आक्षेप संभवतो. चुका दोन्ही दिशांनी होत असतील तर मोठ्या संख्येत त्या परस्परांस खोडून काढतील, मग भाषेचा एवढा बाऊ कशासाठी? हा आक्षेप ग्राह्य नाही. चुका योगायोगाने विखुरलेल्या असतील तरच परस्परांस खोडतात. येथे त्या विशिष्ट वर्गावर साचतात. परीक्षेची भाषा जड जाते ती निरक्षर, ग्रामीण, बोलीभाषक स्त्रीला. साक्षीची भाषा रोग झाकते तीही बहुधा तिचाच. २०२३ च्या निबंधात स्त्रियांचे प्रमाण ९.० टक्के व पुरुषांचे ५.८ टक्के, ग्रामीण ८.४ व नागरी ५.३ असे दिले आहे. या अंतरात व्याधीचा वाटा किती, शाळेचा किती आणि प्रश्नभाषेचा किती, हे वेगळे काढल्यावाचून त्याचा अर्थ लावणे चिंत्य होय.

शाळेचा वाटा खरा आहे, हेही सांगितले पाहिजे. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या ज्या १४ कारणांची यादी लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ साली दिली, तीत अल्पशिक्षण व बहिरेपण ही दोन्ही आहेत. परंतु हीच दोन कारणे परीक्षेत गुणही कमी करतात, मेंदू निरोगी असला तरी करतात. म्हणजे एकच गोष्ट रोगाचे कारण आहे आणि रोगाच्या मापातील दोषही आहे. भाकितावर याचा परिणाम साधा नाही. १९५१ साली भारतात स्त्रियांची साक्षरता ८.८६ टक्के होती. आज ऐंशीत असलेल्या स्त्रिया त्या काळच्या मुली. २०३६ व २०५० साली ज्या वृद्ध असतील त्यांतील पुष्कळ शाळेत गेलेल्या असतील. तेव्हा मोजलेले प्रमाण उतरेल. त्या उतारात रोग किती कमी झाला आणि परीक्षा किती सोपी वाटू लागली, हे आज उत्तरे जपून ठेवली नाहीत तर त्या वेळी कोणासही सांगता येणार नाही.

द्विभाषिकत्वाविषयीचे संशोधन याच अडचणीत सापडते. सुवर्णा अल्लाडी व सहकारी यांनी हैदराबाद येथील ६४८ रुग्णांच्या २०१३ सालच्या अभ्यासात असे दाखविले की, द्विभाषिकांत व्याधीचा आरंभ सुमारे साडेचार वर्षे उशिरा होतो. हे आपल्या भाकितात घ्यावयाचे म्हटले तर घरी आगरी, बाजारात प्रमाण मराठी आणि गिरणीच्या दिवसांत हिंदी बोललेला पेणचा वृद्ध एकभाषिक की त्रिभाषिक? जनगणनेच्या रकान्यात आगरीची गणना मराठीत होते. बोली व भाषा यांची सीमा कोठे आखली, यावर रोगाचे अनुमान हलते, असे हे विलक्षण प्रकरण आहे.

७

मग भाकिते टाकून द्यावयाची काय? मुळीच नाही. वृद्ध वाढणार आहेत आणि त्यांच्याबरोबर रुग्णही वाढणार आहेत, याविषयी सर्व अनुमानांचे एकमत आहे. गोव्यात घरी जाऊन काळजीवाहकांस साहाय्य देण्याचा प्रयोग झाला व २००८ साली त्याचे अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा काय करावे हेही अगदी अज्ञात नाही. प्रश्न आहे तो आकड्यावर किती भार टाकावयाचा याचा. त्या दृष्टीने भाषाविभागांनी उचलण्याजोगी चार कामे सुचवावीशी वाटतात.

पहिले, आगरी व कातकरी यांसारख्या बोलींत परीक्षेची रूपे सिद्ध करून त्याच व्यक्तींस दोन्ही रूपे द्यावीत आणि गुणांतील फरक मोजावा. शेपन्नास वृद्धांच्या अशा अभ्यासानेही दोषाची दिशा व अंदाजे मान कळेल. दुसरे, गुणाबरोबर उत्तरही शब्दशः नोंदवावे. ‘कुलाबा’ हे शून्यात लोपू नये. तिसरे, वय ठरविण्यासाठी तालुकावार घटनापंचांग तयार करावे. रामदास बोट, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९८१ चे नामांतर अशा खुणा त्यात असाव्यात. चौथे, साक्षीदाराच्या प्रश्नांत व्याधीचे नाव किंवा ‘विसरणे’ एवढाच शब्द न ठेवता तेथील जीवनातील कृती घ्याव्यात : भाकरीचे पीठ मळताना पाणी चुकते काय, रोख पैसे मोजताना फसते काय, ओळखीच्या बांधावरून घरी येताना वाट चुकते काय. हे प्रश्न शोधून काढणे हे बोलीसंग्राहकाचे नित्याचे काम आहे. त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही.

आणि भाकीत करणारांकडून एक मागणे आहे. २०३६ किंवा २०५० चा आकडा देताना तो कोणत्या व्याख्येने, कोणत्या भाषेतील परीक्षेने व कोणत्या साक्षीवर काढला, हे आकड्याच्या शेजारीच सांगावे आणि एकाऐवजी खालची व वरची अशा दोन मर्यादा द्याव्यात. हजारी ३ धरून आखलेली व्यवस्था रोह्याच्या सुनेस एकटी सोडील. हजारी ८४ धरून आखलेली व्यवस्था आपल्या जिल्ह्याचे जुने नाव सांगणाऱ्या आजीस रुग्णांच्या यादीत घालील, आणि एकदा त्या यादीत नाव गेले की घरात, बँकेत व जमिनीच्या कागदावर तिच्या शब्दाचे वजन उतरते. दोन्ही चुकांची किंमत तेथे, त्या ओसरीवर चुकविली जाते. ती कमी करण्याचे साधन आपल्या विषयाच्या हाती आहे. ते वापरण्यास आपण किती उशीर लावणार, एवढाच प्रश्न आता उरतो.